खांद्याचा एमआरआय आणि ‘टाइप टू’चा बागुलबुवा

खडू_फळा | शनिवार, दुपारी ३:१०

नमस्कार मंडळी,

एरवी मी इथे वाचनमात्र असते. पण गेल्या वर्षभरात उजव्या खांद्यापायी दोन सर्जन, एक फिजिओ आणि तीन प्रकारचे फोटो एवढं सगळं झालं. त्यात जे कळलं ते एका जागी लिहून ठेवावं म्हणून हा धागा. मी डॉक्टर नाही. सांगलीत गणित शिकवते, एकोणतीस वर्षं झाली. जाणकारांनी चुका दाखवाव्यात, राग येणार नाही.

सुरुवात दिवाळीच्या आवराआवरीत झाली. माळ्यावरचं पितळी पातेलं उतरवताना खांद्यात चमक भरली. दोन दिवसांत जाईल म्हणून बाम चोळला, गेली नाही. मग लक्षात आलं की फळ्याच्या वरच्या दोन ओळींत मी लिहीतच नाहीये. समीकरण मधूनच सुरू करतेय, आणि मागच्या बाकावरून आवाज येतोय, “मॅडम, वर जागा आहे.” वेणी घालताना हात मध्येच थांबायला लागला. रात्री उजव्या कुशीवर वळलं की जाग.

गंमत अशी की हात खाली असताना काही नाही, खांद्याच्या उंचीला आला की कळ, आणि पूर्ण वर गेला की पुन्हा कमी. या मधल्या पट्ट्याला डॉक्टर ‘पेनफुल आर्क’ म्हणतात, साधारण ६० ते १२० अंश. गणिताच्या बाईला दुखणंसुद्धा अंशांत मोजून मिळालं.

पहिल्या डॉक्टरांनी (नाव-गाव विचारू नका) हात एकदा वर करायला लावला आणि थेट एमआरआय लिहून दिला. सात हजार रुपये. रिपोर्टच्या शेवटच्या ओळी मला आता पाठ आहेत: “सुप्रास्पायनेटस टेंडिनोसिस विथ लो-ग्रेड पार्शियल थिकनेस टिअर. टाइप टू अक्रोमिऑन. एसी जॉइंट अर्थ्रोपथी. माइल्ड सबअक्रोमियल बर्सायटिस. फीचर्स सजेस्टिव्ह ऑफ इम्पिंजमेंट.” रात्री दोनपर्यंत मी एकेक शब्द फोनवर शोधत बसले: टेंडिनोसिस म्हणजे टेंडनची झीज, टिअर म्हणजे फाटणं, एसी जॉइंट अर्थ्रोपथी म्हणजे खांद्याच्या वरच्या छोट्या सांध्याची झीज, बर्सायटिस म्हणजे बर्साची सूज, इम्पिंजमेंट म्हणजे टेंडन चिमटणं. शेवटी नवऱ्याने फोन काढून घेतला.

डॉक्टर म्हणाले, “तुमचं हाड वाकडं आहे, त्याखाली टेंडन घासून फाटतंय. दुर्बिणीतून जरासं तासून टाकू.”

‘तासून टाकू’ हे काही पचनी पडेना. म्हणून दुसरं मत घ्यायला गेले. या डॉक्टरांनी एमआरआयचं पाकीट न उघडताच टेबलाच्या कडेला सरकवलं. “आधी खांदा बघू, मग फोटो.” पंधरा-वीस मिनिटं नुसती तपासणी. हात समोर धरून, कोपर वाकवून, आतल्या बाजूला फिरवला, तेव्हा मी ओरडले. दोन्ही हात त्यांच्या हाताविरुद्ध रेटायला लावले. दुखलं, पण जोर पूर्ण लागला. कोपर कमरेला चिकटवून हात बाहेर फिरवायला लावला. तो डाव्याइतकाच फिरला, म्हणजे खांदा ‘गोठलेला’ नाही. मान फिरवून बघितली. मग एक साधा एक्स-रे आणि सोनोग्राफी सांगितली, आणि या दोन्हींतून काय बघायचंय तेही चिठ्ठीवर लिहून दिलं.

आता थोडं शरीरशास्त्र, मला समजलं तसं. दंडाच्या हाडाचा वरचा गोळा म्हणजे चेंडू. त्याच्यावर पडवीच्या पाख्यासारखं पुढे आलेलं, पाठीच्या फऱ्याच्या हाडाचं टोक म्हणजे अक्रोमिऑन. चेंडू आणि पाखं यांच्यात जेमतेम सेंटीमीटरभर जागा, आणि तेवढ्यातून सुप्रास्पायनेटस नावाच्या स्नायूचा टेंडन जातो. टेंडन म्हणजे स्नायूचं हाडाला चिकटणारं चिवट टोक. टेंडन आणि पाखं यांच्यात बर्सा नावाची पातळ, बुळबुळीत पिशवी असते.

१९७२ मध्ये चार्ल्स नीर या अमेरिकन सर्जननी मांडलं की हात वर करताना टेंडन या पाख्याच्या पुढच्या कडेखाली चिमटतो, सुजतो आणि शेवटी फाटतो. त्यावर त्यांचा उपाय पाख्याची खालची बाजू तासण्याचा. १९८६ मध्ये बिग्लियानी आणि सहकाऱ्यांनी पाख्याचे तीन आकार सांगितले: पहिला सपाट, दुसरा बाकदार, तिसरा हुकासारखा. माझ्या रिपोर्टातलं ‘टाइप टू’ ते हेच. इतकी सरळ, यांत्रिक गोष्ट आहे की कुणालाही पटावी. मलाही पटली होती.

सोनोग्राफीचा किस्सा सांगून थांबते. बाहेर पाटी, “येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही,” आणि बाकावर पोट सांभाळत बसलेल्या चार मुलींच्या शेजारी मी, वय एक्कावन्न, खांदा दाखवायला. आत गेल्यावर डॉक्टर म्हणाले, “हात पँटच्या मागच्या खिशात घालतो ना आपण, तसा ठेवा.” मी साडीत. कुठला खिसा! शेवटी तळवा मागे कमरेखाली ठेवला. असं केलं की एरवी पाख्याखाली लपलेला टेंडन पुढे सरकतो आणि प्रोबखाली (अंगावर टेकवतात तो मशीनचा दांडा) दिसतो. मग त्यांनी प्रोब पाख्याच्या कडेवर धरून ठेवला आणि हात हळूहळू बाजूने वर उचलायला लावला. पडद्यावर मला स्वतःला दिसलं: दार उघडताना पायपुसणं खाली अडकून गोळा व्हावं, तसा बर्सा कडेशी गोळा होत होता. बरोबर त्याच क्षणी कळ.

निष्कर्ष: बर्सा जाडसर, टेंडन थोडा खराब पण शाबूत. एक्स-रे ठीक. ऑपरेशन नको, व्यायाम करा. चार महिने लागले.

तर माझा प्रश्न असा: एकाच खांद्याच्या फोटोंवरून एक डॉक्टर हाड तासायला निघतात आणि दुसरे रबराचा पट्टा हातात देतात, हे कसं? तुमचे अनुभव लिहा.

—

मोरावळा | शनिवार, दुपारी ४:०२

वाचतेय. माझाही डावा असाच आहे, आणि पर्समध्ये एमआरआयची चिठ्ठी. सोमवारी जाणार होते. आता जाऊ की नको?

—

सावल्यांचा_वाचक | शनिवार, रात्री ११:४०

चांगला धागा. मी रेडिओलॉजिस्ट आहे (तुमच्या जिल्ह्यातला नाही, घाबरू नका!). असे रिपोर्ट रोज लिहितो, त्यामुळे थोडं आतल्या बाजूने.

पहिली गोष्ट. एमआरआय काढताना तुम्ही उताणे झोपलेल्या असता, हात अंगालगत. वीस-पंचवीस मिनिटं हलायचं नाही. तुमचं दुखणं मात्र हात वर जाताना होतं. म्हणजे ज्या क्षणी टेंडन चिमटतो असं म्हणतात, तो क्षण या फोटोत नसतोच. आम्हाला दिसते बर्साची सूज, टेंडनमधली चकाकी, हाडाची कड. त्यावरून ‘सजेस्टिव्ह ऑफ इम्पिंजमेंट’ लिहितो. तो अंदाज आहे. वाचणारा तो निकाल म्हणून वाचतो.

दुसरी, टाइप टू. बिग्लियानींनी ७१ मृतदेहांतले १४० खांदे पाहिले होते. त्यांत सपाट फक्त १७ टक्के, बाकदार ४३ टक्के आणि हुकासारखे ३९ टक्के. म्हणजे टाइप टू हा सगळ्यांत जास्त आढळणारा आकार! ‘तुमचं हाड वाकडं आहे’ हे ‘तुमचे केस काळे आहेत’ म्हटल्यासारखं आहे. त्यांना फाटलेले टेंडन जास्त करून टाइप थ्रीखाली सापडले हे खरं, पण हूक आधी होता की टेंडन खराब झाल्यावर तिथे हाड वाढलं, हे मृतदेह बघून कसं ठरवणार? शिवाय एक्स-रेची नळी पाच-दहा अंश इकडेतिकडे झाली की टाइप वन आहे तो टाइप टू दिसायला लागतो. एकाच फिल्मवर मी आणि शेजारच्या टेबलावरचा माझा मित्र वेगवेगळे टाइप देऊ शकतो, आणि देतो.

तिसरी जरा तांत्रिक, पण गणिताच्या बाईंना आवडेल. टेंडनचे तंतू मुख्य चुंबकीय क्षेत्राशी ५५ अंशांच्या आसपास कोन करतात तिथे काही सीक्वेन्समध्ये (म्हणजे एमआरआयच्या ठरावीक सेटिंगच्या फोटोंत) निरोगी टेंडनही खोटाच उजळतो. याला ‘मॅजिक अँगल’ म्हणतात. सुप्रास्पायनेटस चेंडूवरून वळून खाली चिकटतो, त्यामुळे शेवटच्या सेंटीमीटरभरात तो नेमका या कोनातून जातो. म्हणजे जिथे खरी झीज होते तिथेच खोटीही दिसते. दुसऱ्या प्रकारच्या सीक्वेन्समध्ये तीच जागा काळी आली तर ती सावली समजून सोडून द्यायची. सोनोग्राफीतही असंच: प्रोब तंतूंना काटकोनात नसेल तर चांगला टेंडन काळा दिसतो आणि शिकाऊ डॉक्टर ‘टिअर’ लिहून मोकळा होतो.

आणि ‘लो-ग्रेड पार्शियल’ म्हणजे जाडीच्या पाव हिश्श्याहूनही कमी, ढोबळमानाने ३ मिलिमीटरच्या आत. अख्खा टेंडन जेमतेम सेंटीमीटरभर जाड. कॉलर विरली म्हणून कुणी शर्ट फाटला म्हणत नाही.

एक तक्रार आमचीही. चिठ्ठीवर नव्वद टक्के वेळा फक्त ‘शोल्डर पेन’ असतं. पडलात का, जोर गेलाय का, रात्री दुखतं का, काही नाही. प्रश्नच विचारला नाही तर आम्ही दिसेल ते सगळं लिहितो. तुमच्या दुसऱ्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर प्रश्न लिहिला हे वाचून बरं वाटलं.

—

चिंच_गूळ | रविवार, सकाळी ८:१५

थोडक्यात, सगळा धंदा. मशीनचे हप्ते फेडायला पेशंट लागतात. हाकानाका (हाय काय, नाय काय).

—

हळूहळू | रविवार, सकाळी १०:३३

चिंच_गूळ, इतकं सोपं नाही हो. मी फिजिओ आहे, सोलापुरात. माझ्याकडे येणारे अर्धे लोक स्वतःच एमआरआय मागतात. “एवढे पैसे घेतले आणि एक फोटोसुद्धा नाही काढला?” हे मी स्वतःच्या कानांनी ऐकलंय.

खरी गोची फोटोत काहीतरी सापडतंच याची आहे. १९९५ मध्ये शेर आणि सहकाऱ्यांनी खांदा अजिबात न दुखणाऱ्या ९६ जणांचे एमआरआय केले. ३४ टक्क्यांमध्ये टेंडनला कमी-जास्त फाटलेलं होतं. साठीच्या पुढच्यांत ५४ टक्के, आणि त्यांतल्या निम्म्याहून जास्त जणांचा टेंडन आरपार फाटलेला. ही माणसं हात वर करून डबे काढत होती, नातवंडांना उचलत होती. २०११ मध्ये सोनोग्राफीवर अमेरिकेत असाच अभ्यास झाला, ४० ते ७० वयाचे ५१ पुरुष, दुखणं शून्य. ९६ टक्क्यांत काही ना काही ‘दोष’ दिसला. बर्सा जाड झालेला तर ७८ टक्क्यांत.

म्हणजे खडू_फळा ताईंच्या रिपोर्टातल्या पाचही ओळी त्यांच्या डाव्या, न दुखणाऱ्या खांद्यातही सापडल्या असत्या तर मला नवल वाटलं नसतं.

मी रिपोर्ट बघते, नाही असं नाही. पण पेशंट आत येताना पर्स कुठल्या हाताने धरते आणि ओढणी कुठल्या हाताने सावरते, ते आधी बघते.

—

खडू_फळा | रविवार, सकाळी ११:०५

@सावल्यांचा_वाचक, ५५ अंश कुठून आले ते शोधून काढलं! कोसाइनच्या वर्गाला तीनने गुणून त्यातून एक वजा केला की जे येतं ते शून्य होतं तो कोन, ५४.७. बारावीच्या मुलांना उदाहरण म्हणून घालणार आहे.

@हळूहळू, डाव्या खांद्याचं वाचून गार पडले.

—

यॉर्कशायर_पोहे | रविवार, दुपारी २:४८

इकडची गोष्ट सांगतो. लीड्सला असतो, वय ४८, आयुष्यभर बॅडमिंटन. खांदा दुखायला लागल्यावर आमच्या जीपीबाईंनी (इकडच्या फॅमिली डॉक्टर) एमआरआय द्यायला साफ नकार दिला. आधी बारा आठवडे फिजिओ, मग बघू. मी इतका चिडलो होतो की भारतात येऊन एमआरआय करून जायचं तिकीट बघत होतो. पुण्यात सकाळी जाऊन संध्याकाळी रिपोर्ट मिळतो, इथे नुसती रांग.

मग फिजिओने समजावलं. इंग्लंडमध्ये ‘सीसॉ’ नावाची चाचणी झाली, २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आली. ३१३ पेशंट, ३२ हॉस्पिटलं. सगळ्यांना हेच पाख्याखालचं दुखणं, तीन महिने तरी जुनं, टेंडन आरपार फाटलेला नसलेलं. चिठ्ठ्या टाकून तीन गट केले. एकाला खरोखर हाड तासलं. दुसऱ्याला भूल देऊन, दुर्बीण आत घालून, काहीही न तासता बाहेर आले. तिसऱ्याला काहीच केलं नाही. सहा महिन्यांनी तासलेले आणि नुसतीच दुर्बीण घातलेले यांच्यात फरक नाही! काहीच न केलेल्यांपेक्षा दोन्ही गट किंचित बरे होते, पण तो फरक पेशंटला जाणवेल एवढा नव्हता. त्याच वर्षी फिनलंडमधूनही २१० पेशंटांचा तसाच निकाल आला. आणि २०१९ मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या समितीने असं ऑपरेशन करू नये अशी ठाम शिफारस केली.

हाड तासूनही फरक पडत नाही म्हटल्यावर हाड घासतंय ही गोष्टच कितपत खरी, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, म्हणून तर इथले बरेच जण आता ‘इम्पिंजमेंट’ शब्द टाळतात आणि ‘सबअक्रोमियल पेन’ म्हणतात. कुठे दुखतं ते सांगायचं, का दुखतं त्याची फुशारकी मारायची नाही.

अवांतर: खांदा सुधारला, बॅकहँड होता तसाच वाईट आहे.

—

कोयना_काठ | रविवार, रात्री ९:२०

सगळे एकाच बाजूने बोलताय म्हणून लिहितेय. आमच्याकडे फोटो न काढल्यामुळे वाट लागली.

बाबा ६८ वर्षांचे. आषाढात अंगणातल्या शेवाळावर घसरले आणि हात टेकून पडले. दुसऱ्या दिवसापासून उजवा हात वर जाईना. डाव्या हाताने मनगट धरून उचलायचे, आणि सोडलं की हात धपकन खाली. जवळच्या दवाखान्यात एक्स-रे काढला, हाड शाबूत. “मुका मार आहे, शेक द्या, व्यायाम करा.” आम्ही सात महिने शेक दिला. गणपतीत आरतीचं तबक त्यांना धरता येत नव्हतं, आणि आम्ही म्हणत होतो, होईल हळूहळू.

शेवटी कराडला एमआरआय केला. टेंडन आरपार फाटलेला, टोक ३ सेंटीमीटर मागे सरकलेलं आणि स्नायूत चरबी भरलेली. सर्जन फार शांतपणे म्हणाले, “शिवायला धड कापड उरलं नाही हो.” दोन महिन्यांच्या आत आणलं असतं तर शिवता आलं असतं बहुतेक, असंही म्हणाले. बाबा आता डाव्या हाताने जेवतात.

त्यामुळे ‘एमआरआय नको’ म्हणताना कुणाला नको, ते स्पष्ट लिहा प्लीज.

—

सावल्यांचा_वाचक | रविवार, रात्री ११:१२

कोयना_काठ, वाईट वाटलं वाचून. तुमचं शंभर टक्के बरोबर आहे आणि माझ्या प्रतिसादात हे यायला हवं होतं.

पडल्यावर किंवा हिसका बसल्यावर हाताचा जोरच गेला, हात उचलून धरला तरी टिकत नाही, हे इम्पिंजमेंट नाही. तिथे एक्स-रे शाबूत म्हणजे सगळं शाबूत असं नसतं, कारण एक्स-रेत टेंडन दिसतच नाही. सोनोग्राफी किंवा एमआरआय काही दिवसांत व्हायला हवा. आरपार फाटलेलं ओळखायला दोन्ही तुल्यबळ आहेत, सोनोग्राफी करणाऱ्याचा हात खांद्यावर बसलेला असेल तर. टोक किती मागे गेलंय आणि स्नायूत चरबी किती, हे मात्र एमआरआयच नीट सांगतो. चरबीची गुतालिए यांची प्रतवारी आहे, शून्य ते चार. तीन म्हणजे स्नायू आणि चरबी निम्मेनिम्मे. तिथून पुढे शिवलेलं टिकायची शक्यता उतरत जाते आणि ती चरबी सहसा मागे फिरत नाही.

जुन्या, मोठ्या टिअरची एक खूण साध्या एक्स-रेतही असते. चेंडू आणि पाखं यांच्यातलं अंतर ७ मिलिमीटरच्या खाली आलं की समजायचं, वरून दाबून धरणारा टेंडन नाही म्हणून चेंडू वर सरकलाय. बाबांचा सात महिन्यांनंतरचा एक्स-रे असेल तर त्यात बहुधा दिसेल. पहिल्या दिवशीच्या फिल्ममध्ये दिसलं नसतं, त्यामुळे घरच्यांनी स्वतःला दोष देऊ नये.

@मोरावळा, पडला नसाल, जोर शाबूत असेल, तर आधी कुणाकडून तरी हात लावून तपासून घ्या. साधा एक्स-रे जरूर काढा. चार-पाचशे रुपयांत संधिवात, जुनं फ्रॅक्चर, कॅल्शियम, क्वचित हाडातली गाठ एवढं बघून होतं. लोक त्याला कमी लेखतात.

—

म्हापसा_तिठा | सोमवार, सकाळी ७:५०

कॅल्शियमचा विषय निघालाच आहे तर माझी हजेरी. खडू_फळा, तुमच्या नावातला खडू माझ्या खांद्यात निघाला!

एका रात्रीत असं दुखायला लागलं की मी, पन्नाशीचा बाप्या, रडलो. घाईघाईत एमआरआय केला. रिपोर्ट: थोडा बर्सायटिस, बाकी विशेष नाही. औषधं घेतली, फरक शून्य. आठवड्याने दुसऱ्या डॉक्टरनी साधा एक्स-रे काढला, तर चेंडूच्या वर पांढराशुभ्र ठिपका, तुरीच्या दाण्याएवढा. सोनोग्राफीत बघत बघत त्यात सुई घातली, सलाईन आत-बाहेर केलं. सिरिंजमधलं पाणी दुधासारखं पांढरं झालेलं मी स्वतः बघितलं. त्या रात्री झोपलो.

सात हजारांच्या मशीनला न दिसलेलं चारशेच्या फिल्मला दिसलं, हे कसं?

—

सावल्यांचा_वाचक | सोमवार, दुपारी १:२५

कॅल्शियम एमआरआयमध्ये काळं दिसतं आणि टेंडनही काळाच असतो. काळ्या मांजरावर काळा ठिपका. आम्ही शेजारी एक्स-रे ठेवून एमआरआय वाचतो तो यासाठीच, पण पेशंट बहुतेक वेळा एक्स-रे आणतच नाहीत.

—

ध्वजवाला_२३ | सोमवार, रात्री १०:०१

पुण्यात पथकात ध्वज नाचवतो. खांदा दुखतो, मधूनच ‘निसटल्यासारखा’ होतो. वय २३. एका ठिकाणी इम्पिंजमेंट सांगितलं, दुसरीकडे सांध्यात इंजेक्शन देऊन एमआरआय करा म्हणाले. घाबरलोय.

—

हळूहळू | सोमवार, रात्री १०:४०

‘निसटल्यासारखा’ हा शब्द डॉक्टरांना जसाच्या तसा सांग. तुझ्या वयात पाख्याचं हाड सहसा गुन्हेगार नसतं. चेंडू खोबणीत सैल असतो आणि त्यामुळे वरचं सगळं चिमटतं. खोबणीच्या कडेला लॅब्रम नावाची कूर्चेची कड असते, ती सुटलीय का हे बघायला सांध्यात द्रव सोडून एमआरआय करतात, त्याला आर्थ्रोग्राम म्हणतात. द्रव फटीत शिरतो म्हणून फट दिसते. घाबरण्यासारखं नाही, सुईपुरतं दुखतं. तोवर ध्वज दुसऱ्याच्या हाती दे.

—

मोरावळा | मंगळवार, संध्याकाळी ६:१५

जाऊन आले. हात बाहेर फिरतच नाही, डॉक्टरांनी फिरवला तरी. एक्स-रे नॉर्मल. मला मधुमेह आहे हे त्यांनी आधीच विचारलं. ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणाले, एमआरआयची गरज नाही. चिठ्ठी फाडली.

पण एक शंका. सोनोग्राफी एवढी कामाची, हलता खांदा दिसतो, तर फिजिओ आणि हाडांचे डॉक्टर स्वतःच्या टेबलाशी मशीन का ठेवत नाहीत? माझा भाचा ऑस्ट्रेलियात आहे, तिथे त्याच्या फिजिओने तिथल्या तिथे लावून दाखवलं म्हणे.

—

हळूहळू | मंगळवार, रात्री ८:३०

कायद्यामुळे. गर्भलिंगनिदान रोखायला महाराष्ट्राने १९८८ मध्ये देशात सर्वांत आधी कायदा केला, केंद्राचा १९९४ चा. प्रत्येक सोनोग्राफी मशीनची नोंदणी लागते, जागाही नोंदलेली लागते आणि वापरणारी व्यक्तीही कायद्यात बसणारी लागते. मी नाही बसत. मशीन खांद्यासाठी घेतलं तरी ते पोटावर ठेवता येतंच ना. कायदा का आला हे माझ्या आजीच्या पिढीपासून घरोघर माहीत आहे, त्यामुळे तक्रार नाही. पण खांदा, गुडघा, घोटा यांची सोनोग्राफी आपल्याकडे मागे राहिली आणि लोक सरळ एमआरआयकडे वळले, त्यात याचा वाटा आहे असं माझं मत.

—

चिंच_गूळ | मंगळवार, रात्री ९:१०

प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे).

(दोनदा पडला होता. आणि ‘हाकानाका’ मागे घेतो.)

—

यॉर्कशायर_पोहे | मंगळवार, रात्री ११:५५

खडू_फळा, टिअरचं पुढे काय झालं? भरून आला का?

—

खडू_फळा | बुधवार, सकाळी ७:०५

पुन्हा फोटो काढलाच नाही. मी विचारलं होतं, तर डॉक्टर म्हणाले, “काढला आणि तसाच दिसला तर पुन्हा दुखायला लागेल तुम्हाला.” सध्या वरून दुसऱ्या ओळीपासून लिहितेय. पहिल्या ओळीला अजून थोडी ओढ बसते. वेणी स्वतःची स्वतः घालते. माळ्यावर नवरा चढतो, ती सवय मात्र मी मोडू देणार नाही.

फिल्मचं मोठं पाकीट कपाटामागे उभं आहे. टाकून देऊ का?

—

सावल्यांचा_वाचक | बुधवार, सकाळी ९:४०

टाकू नका. दहा वर्षांनी पुन्हा काही झालं तर तुलनेला लागेल. आणि फिल्मपेक्षा सोबतची सीडी जपा. फिल्मवर निवडक चित्रं असतात, सीडीत सगळे काप.

—

खडू_फळा | बुधवार, दुपारी १२:२०

सीडी आहे. ती घालायला भोक असलेला कॉम्प्युटर आख्ख्या घरात नाही. कॉलेजच्या लॅबमध्ये एक जुना आहे म्हणे, शिपाईमामांना विचारते.